देण्याघेण्यातलं लुगडं

आमच्या घरात साड्यांचे दोन वर्ग आहेत: नेसायच्या आणि देण्याघेण्यातल्या. नेसायच्या कपाटात लटकतात, देण्याघेण्यातल्या पलंगाच्या पेटीत पडून असतात. या दुसऱ्या वर्गातली साडी कुणी नेसल्याचं मी पाहिलेलं नाही. ती एका लग्नात आहेर म्हणून येते, घडी न मोडता पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात वर हळदकुंकू लावून बाहेर पडते. आमच्याकडे आहेर माइकवरून पुकारतात. अमक्या सोसायटीचे माजी चेअरमन यांच्याकडून वरमाईस साडी, असं कर्ण्यातून गावभर गेलं की साडीचं काम संपतं. तिचा पोत बघायचा नसतो. बघायला सुरुवात केली तर दोन्ही घरं अडचणीत येतील.

माझी आजी ही व्यवस्था कोळून प्यायली होती. घरातून जाणाऱ्या साडीच्या पदराला ती आतल्या बाजूने लाल दोऱ्याची बारीक गाठ मारायची. "बघू, कदी घरी येती," एवढंच म्हणायची. एक मोरपंखी साडी चार वर्षांनी खरंच परत आली. त्या दिवशी आजीचा आनंद असा होता, की जणू सासरी गांजलेली लेक माहेरी आली. तिनं शेजारणीला बोलावून गाठ दाखवली. शेजारीण हसली नाही. मधल्या काळात ती साडी तिच्या घरूनही एकदा गेली होती.

एका लुगड्याला मात्र आजीनं गाठ मारली नव्हती, कारण ते घराबाहेर जाणारच नव्हतं.

बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवायचं, ते भावानं आणायचं, हा आमच्या भागातला नेम. आजीचं माहेर भंडारदऱ्याच्या बाजूला, आणि भावांमधला एकच उरलेला. तो एका दुपारी एस.टी.नं आला, चहा प्याला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून वांगी रंगाचं नऊवारी काढून तिच्यापुढं ठेवलं.

"माझ्या माघारी पोरं आनतील का न्हाई, काय भरवसा. म्हनून मीच आनलं."

आजीनं कापड दोन बोटांत चोळलं. "स्वस्तातलं हाय, दादा."

"तुला कुटं मिरवायचंय त्यात?"

यावर दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढच्या वर्षी भाऊ गेला. लुगडं आजीच्या ट्रंकेत, तिच्या दाताला लावायच्या मिश्रीच्या डब्याखाली राहिलं. दिवाळीत ती ते उन्हाला टाकायची आणि परत ठेवताना मला सांगायची, "हे ध्यानात ठेव बाई, शेवटाला हेच नेसवा."

मग घराला रंग द्यायला काढला. ट्रंकेतलं सामान चार दिवसांसाठी पलंगाच्या पेटीत गेलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात शिर्डी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. नवरदेवाला आजी आहे, तिला नऊवारी लागेल, हे आईला निघायच्या घाईत कळलं. तिनं पेटी उघडली, पिशवीतलं एक नऊवारी दिसलं, हात फिरवला, आणि तिच्या बोटांनी निकाल दिला. माझी आई वाईट बाई नाही. तिची बोटं प्रामाणिक आहेत.

आठ दिवसांनी आजीनं ट्रंक लावायला घेतली. जेवणाच्या वेळी तिनं विचारलं, "माझं लुगडं कुटाय?"

आईच्या हातातला घास तसाच राहिला. "आत्या, ते... मला वाटलं देण्याघेण्यातलं हाय."

आता आजीची मोठी पंचाईत झाली. आईला बोलायचं तर ते लुगडं चांगलं होतं असं म्हणावं लागणार, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. ती भाकरी मोडत राहिली. शेवटी म्हणाली, "दादानं जरा बरं आनलं असतं तर ही येळ आली नसती." आई रडायला लागली. आजी तिला म्हणाली, "रडू नको, भात घे." मग माझ्याकडं बघून, "तुजी गाडी हाय ना?"

मी नगरला कॉलेजात शिकवते, आणि माझी गाडी तेव्हा नवी होती. अडचण गाडीची नव्हती. दिलेला आहेर परत मागायचा कसा? आमच्याकडं घेतलेलं कर्ज बुडवलेली माणसं आमदार होतात, पण दिलेली साडी परत मागितलेल्या घरात कुणी मुलगी देणार नाही.

"मागायचं कशाला," आजी म्हणाली. "आपन गुडघ्याचं विचारायला जाऊ."

नवरदेवाच्या आजीचे गुडघे खरोखरच दुखत होते. राहात्याजवळच्या त्या घरी आम्ही पाऊण तास फक्त गुडघ्यांत घालवला. एरंडाचं तेल झालं, डॉक्टर झाले, सून झाली. मग माझी आजी चहाची बशी खाली ठेवत सहज म्हणाली, "लग्नात नऊवारी लई आली आसतील तुमाला."

"अकरा. नेसायजोगी दोन."

"आन बाकीची?"

"बाकीची गेली की जिथल्या तिथं. एका लुगड्याला तर मिश्रीचा वास मारत हुता. कुन्या घरचं हुतं कुनाला ठावं."

मी बशीत बघत राहिले. माझी आजी गंभीरपणे म्हणाली, "कशी मानसं आसत्यात." आणि मग, "मंग ते कुटं दिलं?"

नऊवारी फार लांब जात नाही. ते फिरतं फक्त म्हातारी असलेल्या घरांतून, आणि तशी घरं दरवर्षी कमी होतात. मिश्रीचं लुगडं पुणतांब्याला गेलं होतं, नातीच्या बाळाच्या बारशाला, नातीच्या आजेसासूला.

आठवड्याने आम्ही पुणतांब्याला गेलो. या वेळी गुडघ्यांचं निमित्त चाललं नाही, कारण आजेसासू मळ्यात कांदे काढत होती. घरी तिचा नवरा होता, सत्तरीचा, ओट्यावर सुंभ वळत बसलेला. आजीनं एक-दोनदा वळणावळणानं विचारलं. त्याला काही कळेना. शेवटी तिनं सगळं सरळ सांगितलं: भाऊ, पिशवी, पेटी, सून. आयुष्यात पहिल्यांदा ती आहेर परत मागत होती.

म्हाताऱ्याच्या हातातला सुंभ थांबला.

"वांगी रंगाचं?"

"व्हय."

"आक्का, ते न्हाई राह्यलं," तो म्हणाला. "माझी थोरली बहीण गेली मागच्या अमावस्येला. सकाळी फोन आला. दुकानं उघडली नव्हती. घरात हुतं ते उचललं आन गेलो. गोदावरीच्या काठाला तिला त्यातच..."

मी उठायच्या तयारीत होते. आजी उठली नाही.

"नेसवल्यावर कसं दिसलं?" तिनं विचारलं.

"चांगलं दिसलं," तो म्हणाला. मग, "मिश्रीचा वास येत हुता. तीबी लावायची मिश्री. मला बरं वाटलं."

आजी हसली. त्याला ते हसणं आधी कळलं नाही, मग तोही हसला.

"हे बघ," आजी म्हणाली, "माझ्या भावानं आनलेलं तुझ्या बहिनीला लागलं. आता मला आनायला कुनी न्हाई."

"मी आनीन की, आक्का."

"पेटीतलं नको."

"न्हाई, पेटीतलं न्हाई."

तिनं माझ्याकडून त्याचा नंबर मोबाईलमध्ये घालून घेतला. नाव काय टाकू म्हटल्यावर म्हणाली, "भाऊ टाक."

गेल्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत आजी गेली. मी पहिला फोन त्यालाच केला. अंगणात तोवर पांढरे कपडे जमले होते. गाडीतून एक पुढारी उतरले, त्यांनी आजीच्या चरणांशी हार ठेवला आणि 'मातृतुल्य व्यक्तिमत्त्व' यावर बोलायला घसा खाकरला. तेवढ्यात दुधाच्या टेम्पोतून म्हातारा उतरला, काखेत कागदाचं पुडकं. गर्दीतून तो सरळ पुढं आला, तसा पुढाऱ्यांसोबतच्या एकानं त्याला अडवलं.

"बाबा, तुम्ही कोण?"

"म्हातारीच्या माहेरचा."

त्यावर कुणी काही विचारत नाही. वाट झाली. भाषण राहूनच गेलं. आजीच्या खऱ्या भावाची पोरं दुपारी पोचणार होती, त्यांच्यासाठी थांबायची गरज उरली नाही.

पुडकं आईनं घेतलं. हिरव्या काठाचं, जांभळं नऊवारी. सवयीनं तिची बोटं कापडावर फिरली, आणि तिनं मान वर करून म्हाताऱ्याकडं पाहिलं.

"भारीतलं हाय हो," ती म्हणाली.

"तिनं बजावलं हुतं," तो म्हणाला, आणि तोंड पुसायला टोपी काढली.