मावशींची अकराची मिस्सा

अशा गोष्टी ठरवून कोणी जमवत नाही. आमच्या बसमध्ये सीटखाली वाळू साठते ना, तशा त्या साठतात. रोज झाडा, उद्या पुन्हा आहेच!

बस म्हणजे कंपनीची. सकाळी कतारमधल्या अल खोरहून निघते आणि रास लफ्फानचं ऑफिस येईपर्यंत खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नसतं. म्हणून मागच्या दोन ओळींत आम्ही चौघं मराठीत भांडत बसतो. आयटीतला सतीश, मेंटेनन्सचे राऊत साहेब, मेडिकल सेंटरमधल्या नर्स फिलोमिना मावशी आणि फायनान्समधली मी. विषय बारा महिने एकच: सुट्टीत युरोप फिरायचा तो कशानं? सतीश स्वस्त विमानवाला, राऊत साहेब रेल्वेवाले, मी एअरपासवाली. वसईच्या मावशी कोणत्याच पार्टीत नाहीत. त्या नुसत्या हसतात.

*

सतीशला एकदा इतकं स्वस्त तिकीट मिळालं की आठवडाभर त्यानं आम्हाला स्वस्थ बसू दिलं नाही. विमानतळाला नाव शहराचं, पण उतरल्यावर चहूकडे शेतं! तिथून बसचा प्रवास अल खोर ते दोहा दोनदा झाला असता एवढा. अर्ध्या वाटेत त्याच्या लेकीनं विचारलं, "बाबा, इज धिस इव्हन द सेम कंट्री?"

सतीश अजूनही म्हणतो, "पण तिकीट स्वस्त होतं!"

*

राऊत साहेब नांदेडचे. रेल्वेबद्दल त्यांच्यासमोर वाकडा शब्द काढायची सोय नाही. एकदा वहिनींना जागेवर बसवून ते कॉफी प्यायला पुढच्या डब्यात गेले. मध्येच एक स्टेशन आलं आणि तिथं गाडीचे दोन भाग झाले. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या!

"अहो, अर्धी गाडी तोडतेत तिकडं! सांगत बी नाहीत!"

सांगितलं होतं. चार भाषांत. साहेब कॉफीत साखर ढवळत होते.

तासाभरानं वहिनींचा फोन आला. "मी पोचले. तळं लई सुंदर आहे. तुम्ही प्या सावकाश."

*

आता माझं. एअरपास म्हणजे युरोपातल्या उड्डाणांचा एकगठ्ठा पास, आणि तो युरोपात पाय ठेवायच्या आधीच घ्यावा लागतो. मी दोह्यात बसून घेतला आणि बसमध्ये कॉलर ताठ करून फिरले. फक्त एक बारीक गोष्ट वाचली नव्हती. प्रत्येक विमान त्या कंपनीच्या मुख्य विमानतळावरूनच जायचं. शेजारच्या गावाला जायचं तरी आधी तिथं! तिसऱ्या फेरीला कॉफीवाली आम्हाला ओळखायला लागली.

परत आल्यावर सासूबाईंनी फोनवर विचारलं, "कसा वाटला रे युरोप?" नवरा म्हणाला, "छान आहे, पण सगळीकडे सारखाच दिसतो."

*

एका सकाळी मावशींनी पहिल्यांदाच या विषयात तोंड घातलं. "मलाही जायचंय."

 मावशी रिटायर होऊन कायमच्या वसईला निघाल्या होत्या. त्यांची थोरली बहीण, सिस्टर अ‍ॅग्नेस, इटलीतल्या एका डोंगरगावच्या कॉन्व्हेंटमध्ये नन होती. बावीस वर्षं दोघींची भेट नाही. कधी हिला रजा नाही, कधी तिला परवानगी नाही. आता अ‍ॅग्नेसच्या संन्यस्त जीवनाला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त रविवारी अकराची मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती चर्चमधली प्रार्थना.

"मिस्सा चुकली तर मी जाऊन उपयोग नाही," मावशी म्हणाल्या. "तिच्या बाजूनं आमच्या घरचं दुसरं कोणी उरलेलं नाही."

त्या दिवशी तिन्ही पार्ट्यांची युती झाली! माझा एअरपास बिनविरोध पडला. रोमपर्यंत सरळ विमान. पुढे डोंगराखालच्या शहरापर्यंत राऊत साहेबांची रेल्वे, न तुटणारी, हे त्यांनी दोनदा तपासलं. तिथं शनिवारी मुक्काम. रविवारी सकाळी नऊ चाळीसची गावाची बस सतीशनं शोधली आणि एक्सेलमध्ये हिरव्या रंगात रंगवली.

*

रविवारी आम्ही ऑफिसात होतो. पावणेअकराला, म्हणजे तिकडच्या पावणेदहाला, मावशींचा मेसेज आला. "बस नाही." सोबत स्टॉपवरच्या वेळापत्रकाचा फोटो. बस सोमवार ते शनिवार.

सतीश पांढराफटक पडला. "पण रविवार तर वर्किंग डे आहे!"

आहे ना. कतारमध्ये! आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी आठवडा सुरू होतो, हे आमच्या इतकं अंगात मुरलंय की तिघांपैकी एकालाही शंका आली नाही. मावशीसुद्धा इतकी वर्षं शुक्रवारच्या मिस्साला जाणाऱ्या.

टॅक्सी नाही. गाव बारा किलोमीटर, सगळा चढ. मी फोन केला, उचलला नाही.  राऊत साहेब आमच्या मजल्यावर येऊन नुसतेच उभे राहिले. आपल्या शहाणपणापायी बावीस वर्षं वाया गेली, असं मला वाटत होतं आणि ते कोणाला सांगवतही नव्हतं.

सव्वाएकला फोटो आला. कॉन्व्हेंटच्या चॅपलची पहिली रांग, दोन म्हाताऱ्या गळ्यात गळा घालून, दोघींचे डोळे लाल, दोघी हसताहेत. सतीश ऑफिसातच ओरडला, "खलास! जिंकलो!"

*

कशा पोचल्या, ते आठवड्यानं बसमध्ये कळलं. मावशी सामान आवरायला परत आल्या होत्या. तिन्ही पार्ट्या कान टवकारून बसल्या.

"काय करणार? रस्त्यावर उभी राहिले आणि हात केला. एक लहानशी गाडी थांबली. चालवणारा जाकीटातला म्हातारा. मी गावाचं नाव सांगितलं, घड्याळावर अकरा दाखवले आणि इथल्या सवयीनं अरबीत घाई केली, यल्ला, यल्ला! त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं अशी गाडी हाणली! खाली दरी, वर वळणं. मी डोळे मिटून प्रार्थना म्हणत होते आणि मध्ये मध्ये यल्ला म्हणत होते."

"मग?"

"मग एका वळणावर मी मागच्या सीटवर आडवी कलंडले. डोळे उघडून बघते तर तिथं हँगरला पांढराशुभ्र, सोनेरी काठाचा मिस्साचा झगा."

"मग?"

"मग मी म्हटलं, फादर, आता सावकाश चालवा!"