वेळेत पोहोचलेला निरोप

नदीपलीकडे एक बाई दगडावर कपडे आपटत होती. तिचा हात आधी दिसायचा, आवाज मागाहून यायचा.

मी कॉलेजात सापेक्षतावाद शिकवतो. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच पोहोचत नाही, म्हणून दूर घडलेल्या गोष्टीचा परिणामही प्रकाशाच्या आधी आपल्यापर्यंत येत नाही, हे मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. वडील गेले त्या सकाळीही तेच सांगत होतो. खिशातला फोन तीनदा वाजला. बहिणीचा होता. बाबांशी माझा अबोला होता. ती त्यांच्या हाती फोन देईल म्हणून मी तीनदा कापला.

दुपारी त्याच नदीकाठी, बाबांना निरोप दिल्यावर, ती म्हणाली, "दादा, बाबांना तुझ्याशी एकदाच बोलायचं होतं रे."

प्रकाशाला दोष देता आला असता तर बरं झालं असतं. निरोप वेळेत पोहोचला होता. मीच तो घेतला नाही.