सुनंदाची आई, कोलंबी आणि माझा जळफळाट

बारावीनंतर सुनंदाला एमबीबीएस मिळालं आणि मला ऑक्युपेशनल थेरपी... चार मार्कांनी! त्यानंतर कितीतरी दिवस मी कोपरीच्या मासळी बाजारातून जायचंच टाळलं. तिथे सुनंदाची आई बसायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पापलेटच्या भावाआधी मुलगी डॉक्टर होणार हे सांगायची.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. सुनंदा खाडीकडच्या कोळ्यांच्या घरातली, मी देशावरून आलेल्या क्लार्कची मुलगी. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. अभ्यासात पुढे मी होते हो! बायोलॉजीच्या आकृत्या तिने माझ्या वहीतून उतरवलेल्या... आणि शेवटी बँड वाजला तिच्या दारात.

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. शेजारच्या काकू विचारायच्या, "म्हणजे मालिश का गं?" मी समजावून सांगायचे की आजारपणानंतर माणसाला जेवण, कपडे, त्याचं रोजचं काम पुन्हा स्वतःच्या हाताने करायला शिकवायचं... पण सांगता सांगता मलाच ते फुसकं वाटायचं. आई तर "डॉक्टरकीतलंच आहे काहीतरी" म्हणून विषयच बदलायची.

पहिलं वर्ष संपताना मी ठरवून टाकलं. हे सोडायचं, पुन्हा बारावीला बसायचं आणि एमबीबीएसच करायचं. बाबा नको म्हणत होते, पण मी हट्टाला पेटलेले. खरं सांगू? मला डॉक्टर व्हायचं होतं म्हणून नाही. सुनंदा होणार होती म्हणून.

तेवढ्यात सुनंदाच्या आईला, मी जिला मावशी म्हणायचे, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर मी भेटायला गेले, तर मावशी भिंतीला टेकून बसलेली, उजवा हात उशीवर, आणि भोवती बायकांचा गराडा. एक तेल लावतेय, एक केस विंचरतेय, आणि सुनंदा कॉलेज बुडवून आईला भात भरवतेय. आजारी माणसाला तसूभर हलू द्यायचं नाही, अशी त्या घराची माया.

मी बघत होते. मावशीची बोटं थोडी थोडी हलत होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुनंदा, भरवू नकोस. तिला तिच्या हाताने जेवू दे."

आम्हाला शिकवलेलं तेच होतं. पण मी बोलले ते त्यासाठी नाही. होणाऱ्या डॉक्टरीणबाईंची सगळ्यांसमोर चूक काढायला मिळाली म्हणून बोलले. काय गार वाटलं म्हणून सांगू...

सुनंदा ताडकन म्हणाली, "तू डॉक्टर आहेस का?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी चपला घातल्या आणि घरी येऊन रडले. झोंबलं, कारण खरं होतं.

मग तर मी इरेलाच पेटले. सुनंदा हॉस्टेलवर परत गेल्याचं कळलं, तशी कॉलेजमध्ये मॅडमना विचारून रंगीत मण्यांचा डबा आणला आणि मावशीसमोर ठेवला. मणी उचलून बोटांना व्यायाम होतो. मावशीने एक मणी पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने सगळा डबा ढकलून दिला. "मी काय ल्हान पोर हाय?"

मी जमिनीवरचे मणी गोळा करत होते. शेजारी मावशीची जाऊ कोलंबी सोलत बसलेली आणि मावशीची नजर तिच्या हातांवर. जाऊ नीट साफ करत नाही म्हणून कपाळाला आठ्या! मी कोलंबीची परात ओढून मावशीच्या पुढ्यात ठेवली. जाऊ ओरडलीच, "अगो, आजारी हाय ती!"

मावशीने डाव्या हातात कोलंबी धरली, उजव्या अंगठ्याने डोकं मोडायला गेली... पार चेंदा. दुसरीचंही तेच. तासाभरात धड अशा तीन सोलल्या. तोंडाने शिव्या चालूच... कोलंबीला, हाताला, मला. आजारी पडल्यापासून ती एवढं बोललीच नव्हती म्हणे.

मी रोज जायला लागले. महिन्याभराने सुनंदा घरी आली तर आई परात घेऊन बसलेली, बोटांना काटे टोचलेले. सुनंदा धावत परात काढून घ्यायला गेली. मावशीने तिचा हात झटकला. "सोड. तुला नाय कलत त्यातला. हिला कलतं."

अहाहा! त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर जळले होते. सुनंदाचं तोंड एवढंसं झालं. मला हसू येईल म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही.

मग ती माझ्या शेजारी खाली बसली. म्हणाली, "दाखव ना... मी काय करू?" आवाजात जराही कुचकेपणा नाही. मी सांगितलं, काहीच करायचं नाही, हात मांडीखाली घालून बस आणि बघ. आई चेंदे करत होती, चिडत होती, आणि ही पोर ओठ चावत, डोळ्यांतून पाणी गाळत खरंच हात मांडीखाली दाबून बसली.

माझी मलाच एवढी लाज वाटली. तिला आई हवी होती. मला फक्त तिला हरवायचं होतं.

घरी जाताना उद्या मावशीला साडीची पिन लावायला द्यावी का, हाच विचार चाललेला. मग लक्षात आलं, कितीतरी दिवसांत एमबीबीएसची आठवणच झाली नव्हती. मी पुन्हा बारावीला बसले नाही. बाबांना वाटलं, त्यांचं ऐकलं.

पुढे आयुष्यभर हेच काम केलं. हल्ली कुठे बोलावलं की ओळख करून देताना सांगतात, "मॅडम सेवाभावाने या क्षेत्राकडे वळल्या." मी आपली मान डोलावते... आज एकदाचं लिहून टाकते. सेवाभाव वगैरे काही नव्हता हो. मैत्रिणीवर जळत होते मी, आणि त्या जळण्यातच माझ्या हातून आयुष्यातलं पहिलं बरं काम झालं. सुनंदा, त्या दिवशी तू मला "दाखव ना" म्हणालीस, म्हणून मी इथे राहिले गं.