सोमवारच्या फराळाची वाटी

कल्हई केलेली ती पितळी वाटी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. ठाणेदारांच्या टेबलावर पंचनाम्याच्या कागदाशेजारी ठेवली होती, धुऊन लख्ख.

संस्थान जाऊन नुकतंच मध्य भारत राज्य झालं होतं. उज्जैनच्या एका ठाण्यात मी बायकांची झडती घेण्याच्या कामावर होते. चौथी शिकलेली, म्हणून बायकांना त्यांचे जबाब वाचून दाखवणंही माझ्याकडेच असे.

दुपारी एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. त्यांच्या धाकट्या भावाचं सकाळी सरकारी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन होतं. भूल देताच उलटी झाली, ती श्वासनळीत गेली आणि तो टेबलावरच संपला. पोट रिकामं हवं होतं, याच्या पोटात अन्न होतं, असं डॉक्टर म्हणाले. गृहस्थांचा संशय वॉर्डातल्या आयावर होता.

"काल तिने डबा आत नेऊ दिला नाही, म्हणून मी तिला चार शब्द सुनावले. तिने डाव साधला. सकाळी नळावर हीच वाटी धूत होती. मी डोळ्यांनी पाहिलं."

आयाला आणलं. पन्नाशीची बाई, भैरवगढहून पायी कामाला येणारी. झडतीत तंबाखूची डबी आणि घराची किल्ली निघाली, बाकी काही नाही.

"किसने खिलाया?" ठाणेदारांनी विचारलं.

"मैंने नहीं, साब."

"कटोरी किसकी है?"

तिने नजर ओसरीकडे वळवली.

"हवालात में बोलेगी?"

"डाल दो," ती म्हणाली.

स्वतःला वाचवणारा माणूस फार बोलतो आणि मधून मधून दाराकडे बघतो, हे मी तिथे बसून शिकले होते. ही बोलत नव्हती. बघत होती ती ओसरीत बसलेल्या, त्याच सकाळी विधवा झालेल्या मुलीकडे.

मी त्या मुलीसाठी पाणी घेऊन गेले.

"दोन घोट घ्या. सकाळपासून पोटात काही नसेल."

"माझा सोमवार आहे, ताई. आमचा दोघांचाही असतो."

"म्हणजे तेही उपाशी होते?"

"उपास होता, निर्जळी नव्हे. पहाटे मी फराळ दिला की. साबुदाण्याची खिचडी आणि दूध. कापाकापीला जायचं तर अंगात ताकद नको? आयाबाईंनी विचारलं, 'कुछ खाया तो नहीं?' मी म्हटलं, 'नहीं, आज उपवास है.' हे असं झाल्यावर वाटीसुद्धा त्यांनीच धुऊन दिली. चांगल्या आहेत हो."

मी आत येऊन आयाजवळ बसले. "तुम्हें मालूम था?"

"उल्टी मैंने पोंछी, बाई. साबूदाना देखा, तभी समझ गई. पूछना मेरा काम था. मैंने आधा पूछा. अब उस बच्ची से कैसे कहूँ?"

मी सगळं ठाणेदारांना सांगितलं. त्यांनी टाक खाली ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा उचलला. "लिखना तो पड़ेगा."

त्या मुलीचा जबाब लिहिला गेला. अंगठ्याआधी वाचून दाखवायचा नियम. मी वाचला. शाई लावलेला अंगठा तिने कागदावर टेकवला नाही.

"म्हणजे फराळामुळे?"

"हो," मी म्हणाले. हातात जबाबाचा कागद धरून दुसरं काही सांगता आलं नाही.

तिने टेबलावरच्या वाटीकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "पण उपाशी नाही ना गेले?"

"नाही. तुमच्या हातचं खाऊन गेले."

तिने कागदावर अंगठा उठवला. आयाला सोडलं. त्या गृहस्थांनी आयाकडे न बघता हात जोडले.

पुढे काही महिन्यांनी एका जखमी बाईचा जबाब घ्यायला मी त्याच वॉर्डात गेले. आया ऑपरेशनच्या रोग्यांच्या खाटांपाशी उभी राहून विचारत होती, "सुबह से मुँह में क्या-क्या गया? दूध? फलाहार? परसाद? चरणामृत? सब बता."

एका रोग्याची सासू वैतागली. "आया हो कि दरोगा?"

"दरोगा तो एक बार पूछके छोड़ देता है, माँजी. मैं नहीं छोड़ती."

म्हातारी पुटपुटली आणि मग हळूच म्हणाली, "पेड़ा दिया था. महाकाल का. बस आधा."

आया डॉक्टरांना सांगायला गेली. त्या दिवशी त्या माणसाचं ऑपरेशन झालं नाही, दुसऱ्या दिवशी झालं. तो चालत घरी गेला.

ठाण्यात मी पुष्कळ उलटतपासण्या ऐकल्या. खोटं बोलणाऱ्याकडून खरं काढणं अवघड, असं सगळे मानतात. खरं बोलणाऱ्याला काय विचारायचं राहिलं, ते ओळखणं त्याहून अवघड. ते मला ठाण्यात कोणी शिकवलं नाही.