गोगलबाईंनी मागे घेतलेली अट

संस्थेच्या कॉरिडॉरमधल्या शेवटच्या खोलीत काचेच्या पेट्यांतून गोगलगाई संथपणे सरकत असतात आणि त्यांच्या मधोमध, चष्मा कपाळावर चढवून, गोगलबाई स्टुलावर बसलेल्या असतात. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं. बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं.

दुसऱ्यांचे संशोधनाचे पेपर छापण्याआधी तपासण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. ज्या जर्नलसाठी त्या हे काम करत, ते कोणालाही फुकट वाचता येई आणि पेपरसोबत परीक्षकांचे अभिप्रायही सहीनिशी छापून येत. एरवी परीक्षक विंगेत लपून बोलतो. इथे त्याला प्रकाशात उभं राहावं लागे. बाईंना हे मनापासून आवडायचं. घरी सासूबाई ते अभिप्राय मोबाइलवर अक्षरं मोठी करून वाचत.

"अगं, तू सून म्हणून आलीस तेव्हा मीसुद्धा तुला इतकं बोलले नव्हते."

"बोलला होतात, आई. फक्त खाली सही केली नव्हती."

एकदा दूरच्या एका प्रयोगशाळेतून तरुण संशोधक मुलीचा पेपर आला. गोगलगाईचं कवच तडकलं की एक विशिष्ट प्रोटीन ते सांधतं, हा तिचा शोध. प्रयोग चोख, चित्रं देखणी. बाईंनी तोंड भरून कौतुक केलं आणि शेवटी एक अट घातली: हेच पुढच्या पिढीतही होतं का, ते दाखवा.

मुलीचं उत्तर आलं. भाषा नम्र होती. 'पुढची पिढी वाढवायला वर्ष लागेल. माझी इथली नेमणूक त्याआधीच संपते. पेपर छापून आला नाही, तर मला दुसरीकडे कोणी कामावर घेणार नाही.'

निर्णयाआधी परीक्षकांनी एकमेकांशी बोलायचं, अशी त्या जर्नलची रीत. संगणकाच्या पडद्यावर तिघे जमले: संपादक, दुसरे परीक्षक आणि बाई.

"बाई म्हणतात म्हणजे प्रयोग हवाच," दुसरे परीक्षक म्हणाले. "गोगलगाईंच्या बाबतीत त्यांच्यापुढे मी काय तोंड उघडणार?"

एरवी बाई सुखावल्या असत्या. आज ते वाक्य त्यांना टोचलं. कुणाचं तरी अख्खं वर्ष आपल्या एका ओळीला टांगलंय, आणि ती ओळ कोणी तपासतही नाही.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. चष्मा नाकावर आला. बाईंनी तिथेच पेपर पुन्हा वाचून काढला.

"या मुलीनं पुढच्या पिढीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही."

"नाहीच लिहिलेलं," संपादक म्हणाले.

"मग मी तिला ते का विचारलं? कारण मला जाणून घ्यायचंय म्हणून. म्हणजे उत्सुकता माझी आणि वर्ष तिचं. हा काय न्याय झाला? अट मागे घेते मी. पण शीर्षकातलं 'सर्व गोगलगाई' तिला काढायला लावा. तपासलीय एक जात आणि निघालीय सगळ्यांचं बारसं करायला. ते मी सोडणार नाही."

संपादकांच्या जिवात जीव आला. "मग पहिल्या अभिप्रायातली ती ओळ गाळू या का, मॅडम? कायमची छापून राहील. लोक म्हणतील, गोगलबाई चुकल्या."

आजवर घातलेली एकही अट बाईंनी मागे घेतली नव्हती. त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"म्हणू देत. घातली तेव्हा सही केली होती ना? मागे घेतानाही करते. दोन्ही छापा."

पेपर छापून आला, त्याच्या पाठोपाठ बाईंचे दोन्ही अभिप्राय. सासूबाईंनी बहिणीला फोन लावला आणि पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमची सून बघ. चुकलं तर चारचौघांत सांगते. आमच्या घरात ही पद्धत तिच्यापासूनच सुरू झाली."

त्याच आठवड्यात शेवटच्या खोलीत एक नवी पेटी आली. त्या मुलीने तपासलेल्या जातीच्याच गोगलगाई, ओली माती, मातीत मोत्यांएवढी अंडी. बाईंनी मुलीला लिहिलं, 'तुमच्या पेपरात दिलेल्या पद्धतीनेच करते आहे. पुढच्या पिढीचं काय होतं ते मी बघते. निकाल कसाही आला, तरी सगळ्यांना वाचायला ठेवीन. वर्ष लागेल, पण या खेपेला ते माझं असेल.'