गवतगाडीचा बिघाड

नवऱ्याला कसला नाद आहे हे कुणाला सांगायचं म्हणजे कुंदाला आधी ती वस्तू काय असते तेच समजावावं लागे. बसून चालवायची गवत कापायची मशीन. पुढे इंजिन, पोटाखाली गरगर फिरणारं पातं, वर गादी आणि हातात स्टिअरिंग. साहेबलोकांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी परदेशात बनलेली. "म्हणजे ट्रॅक्टर का?" समोरची बाई विचारायची. "ट्रॅक्टरचं नातवंड," कुंदा म्हणायची, "आणि तेसुद्धा म्हातारं झालेलं." असल्या जुनाट, गंजक्या मशिनी विकत आणायच्या, खोलायच्या, घासायच्या, रंगवायच्या आणि मग त्यावर बसून गवत कापायचं, हा बाळ चेंदवणकरांचा छंद. बदलापुरात खरवईच्या ज्या नव्या इमारतीत ती दोघं मुलाकडे राहत होती तिथे गवत म्हणाल तर बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहाची चार पाती होती.

बाळरावांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला झाली. तिथल्या साहेबाच्या बंगल्यावर अशी एक मशीन होती आणि ती बिघडली की बोलावणं यांना यायचं. तेव्हाच जीव जडला म्हणायचा. निवृत्तीनंतर उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हिरोमलच्या भंगाराच्या वखारीत तसलीच एक दिसली, वर जुन्या पंख्यांचा ढीग घेऊन बसलेली. "साईं, लोहे के भाव ले जाओ, मेरा तो रास्ता रुका पड़ा है," हिरोमल म्हणाला. झालं. ती आली, पाठोपाठ दुसरी आली, आणि टेंपोतून तिसरी उतरली तेव्हा कुंदा म्हणाली, घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सोसायटीने पार्किंगमध्ये ठेवू दिल्या नाहीत. शेवटी जांभूळ गावचा बुधाजी उपयोगी पडला. कारखान्यात तो बाळरावांच्या हाताखाली हेल्पर होता, आता म्हशी पाळतो. त्याच्या गोठ्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून तीनही मशिनी तिथे गेल्या. दोन कायमच्या खोललेल्या, कारण त्यांचे अवयव तिसरीला लागत. चालती एकच, हिरवी.

पाऊस ओसरला की बुधाजीच्या माळावर गुडघाभर गवत उभं राही. मग बाळराव डोक्याला रुमाल बांधून, सुटलेलं पोट स्टिअरिंगला टेकवून त्या हिरवीवर बसत आणि माळ कापून काढत. गावातली माणसं बांधावर येऊन उभी राहत. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, बसून गवत कापणं प्रथमच बघतोय, असं कुणीतरी दर वर्षी म्हणे आणि बाळराव दर वर्षी हसत. कापलेलं गवत म्हशींना, मोकळा झालेला माळ पोरांच्या क्रिकेटला. एवढं झालं की त्यांचं वर्ष सार्थकी लागे. कुंदाने त्यांना लग्नात, मुलाच्या बारशाला, कुठेच इतकं खूश बघितलं नव्हतं, आणि हे ती तोंडावर बोलूनही दाखवी.

त्यांचे नियम दोन. एक, गादीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. दुसरा, काहीही डायरेक्ट करायचं नाही. गादीखाली एक स्विच असतो. माणूस बसला की दबतो, उतरला किंवा पडला की सुटतो, आणि तेव्हा पातं फिरत असेल तर इंजिन जागच्या जागी बंद होतं. माणसाचे हातपाय वाचावेत एवढ्यासाठीच ती सोय. आपल्याकडे असला स्विच कुरकुरायला लागला की लोक दोन वायरी एकमेकींना पिळतात, डायरेक्ट करतात आणि देवाचं नाव घेतात. कारखान्यात अशाच एका डायरेक्ट केलेल्या प्रेसखाली बाळरावांच्या मित्राची चार बोटं गेली होती. त्यामुळे तो शब्द त्यांना शिवीसारखा लागे. हिरवीची मूळची स्प्रिंग तुटलेली होती, तिथे त्यांनी जुन्या स्कूटरची दणकट स्प्रिंग बसवली आणि स्वतः बसून-उठून, बसून-उठून ती आपल्या वजनाला जुळवून घेतली.

यंदा उन्हाळ्यात त्यांचं जेवण तुटलं. पाठ दुखायची, पोटात काही ठरायचं नाही. मुलाने, उन्मेषने, ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. रिपोर्ट घ्यायला तो एकटा गेला आणि घरी आला तो थेट स्वयंपाकघरात आला, दार लोटून घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. दिवाळी दिसेल, पुढचं सांगता येत नाही. कुंदाने गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. उन्मेष म्हणाला, "बाबांना सांगायचं नाही. ऐकूनच खचतील ते. शुगर म्हणायचं." तिने मान हलवली. आपल्यात असंच करतात. तिच्या सासऱ्यांच्या वेळी असंच केलं होतं, तिच्या आईच्या वेळी असंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरही समजूतदार निघाले, शुगरने वजन उतरतंच म्हणाले. बुधाजीला तेवढं खरं सांगितलं, कारण बाळराव दिवसचे दिवस त्याच्याकडे असत.

कुंदाने मनाशी एकच धरलं होतं. यंदाचं गवत यांनी सुखाने कापावं. कसली धास्ती नाही, कसला हिशेब नाही, दर वर्षीसारखं हसत माळ कापावा, मग देवाने काय करायचं ते करावं. देवापुढे दिवा लावताना ती दुसरं काही मागत नव्हती.

श्रावण संपला, पाऊस उघडला. पहिल्या दिवशी मुद्दाम तीही जांभूळला गेली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. बाळराव बसले, पातं फिरवायचा दांडा ओढला आणि इंजिन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा दांडा, पुन्हा बंद. कधी दहा पावलं जाई आणि खड्ड्यात उसळली की गपकन थांबे. "कार्ब्युरेटर," बाळराव म्हणाले. "पावसाळ्यात कचरा बसला असेल." त्यांनी गादी उचलून स्विचही पाहिला. तळहाताने दाबला, नीट दबला, नीट सुटला. तो प्रश्न तिथे मिटला.

मग शोध सुरू झाला. कार्ब्युरेटर खोलला, धुतला, बसवला. पेट्रोलची नळी बदलली. कॉइल काढून हिरोमलकडून दुसरी आणवली. पट्टे सोडले, पात्याची बेअरिंगं उपसली. उन्मेष ऑफिसला जाताना त्यांना जांभूळला सोडी, कुंदा दुपारी रिक्षाने डबा घेऊन जाई. आधी ते उभे राहून काम करत, मग पाटावर बसून, मग गोणपाट अंथरून मशीनखाली आडवे पडून, कारण एकदा पडलं की उठावं लागत नाही. पान्हा हातातून निसटे. बुधाजी उचलून देई. पँट दोरीने बांधलेली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकणारं. "बारीक झालो ना गं?" त्यांनी एकदा विचारलं. "थोडेसे. उलट बरे दिसता," कुंदा म्हणाली. बुधाजीनेही री ओढली, "आता कसं, जवान दिसतांव दादा." बाळरावांनी ते खरं धरलं. ज्यांच्यावर जन्मभर विश्वास टाकला त्यांच्यावर माणूस शेवटी संशय घेत नाही, आणि कुंदाला हे माहीत होतं.

खरं सांगायचं तर तिला बरंच वाटत होतं. डोकं गुंतलंय त्यांचं, ती रात्री उन्मेषला सांगे, दुखणं विसरायला होतं. माळावरचं गवत कमरेला आलं, त्याला तुरे फुटले, कडेकडेने पिवळं पडायला लागलं. बाळराव मशीनखालून मान काढून त्याच्याकडे बघत आणि पुन्हा आत जात. "या आठवड्यात सापडेल," म्हणत.

दिवाळी झाली. एका दुपारी जेवून, गोळी घेऊन ते आंब्याखाली खाटेवर गाढ झोपले होते. म्हशी यायची वेळ झाली आणि मशीन वाटेत उभी. बुधाजीला ती हलवायची होती, पण गादीवर बसायचं नाही हा नियम त्याने दादा झोपलेले असतानाही पाळला. बाळराव स्विच हाताने दाबून बघतात हे त्याने पाहिलं होतं, गादीवर वजन लागतं एवढं त्याला कळत होतं. तो गेला, पेंडीचं पोतं आणून त्याने गादीवर टाकलं आणि इंजिन सुरू केलं. हलवता हलवता गंमत म्हणून दांडाही ओढला. इंजिन बंद पडलं नाही. पातं फिरत राहिलं. त्याने घाईने सगळं बंद केलं आणि हाताने कुंदाला बोलावलं.

"वैनी, पेंडीचं पोतं हाय वर. नि चालते," तो हळू आवाजात म्हणाला.

दोघांनी खाटेकडे पाहिलं. चादरीखाली माणूस आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. पेंडीच्या पोत्याइतकंही वजन आता त्यांच्यात राहिलं नव्हतं. ते गादीवर बसत होते आणि मशीनच्या लेखी गादी रिकामीच होती. कुंदा तिथेच गव्हाणीवर बसली.

तिने उन्मेषला फोन लावला. "मग डायरेक्ट करून टाका ना," तो म्हणाला. "त्यांना काय कळतंय. एक दिवस तरी बसू देत." तिला तेच पटलं. बाळरावांना उठवून, मशीन बुधाजीने ढकलून बाजूला केली वगैरे सांगून ती त्यांना घरी घेऊन गेली आणि मागे बुधाजीने गादीखालच्या दोन वायरी पिळून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली.

सकाळी बाळराव बसले, दांडा ओढला आणि मशीन चालायला लागली. खड्डा आला, उसळली, चालतच राहिली. वाळकं गवत चराचरा कापलं जाऊ लागलं. "कार्ब्युरेटरचा फ्लोट अडकत होता," ते ओरडले, "सांगत होतो ना मी." एक फेरी झाली, दुसरी अर्धी झाली. कुंदा पदर तोंडाला लावून रडत होती आणि मनात म्हणत होती, देवा, दिलंस रे.

मग वाटेत एक दगड आला. बाळराव थांबले आणि तो काढायला उतरले. दगडाशी वाकले आणि तसेच राहिले. मागे गादी रिकामी होती आणि पातं फिरत होतं. त्यांच्या हातच्या मशीनवर असं कधी झालं नव्हतं. दगड तिथेच टाकून ते मागे आले, इंजिन बंद केलं, गादी उचलली. प्लॅस्टिकची पिशवी सोडून त्यांनी आतल्या पिळलेल्या वायरी पाहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी करायला लावलं," कुंदा म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला. पक्कड मागितली, वायरी सोडवल्या, होत्या तशा जोडल्या. त्यांना दम लागला होता, पण पक्कड त्यांनी बुधाजीच्या हातात दिली नाही. मग इंजिन सुरू करून स्वतः बसले, दांडा ओढला. बंद. ते उतरले.

"कुंदा, बस."

"मी? अहो, तुम्हीच म्हणता ना, गादीवर कुणी—"

"बस म्हणतो ना."

ती साडी आवरून बसली. त्यांनी बुधाजीला मागे व्हायला सांगितलं, इंजिन सुरू केलं, दांडा ओढला. पातं फिरायला लागलं. आवाज जरा कमी करून, मान तिरकी करून ते ऐकत राहिले. कुठे खरखर नाही, कुठे ठोका चुकत नाही.

"मशीन ठीक आहे," ते म्हणाले.

कुंदाने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तिला वर बघवेना.

"शुगर नाही ना मला?"

इतके महिने घोकलेलं उत्तर तिने टाकून दिलं. "नाही," ती म्हणाली.

"उन्मेषला माहीत आहे?"

"हो."

"बुधाजीला?"

बुधाजीने गमछा डोळ्यांना लावला. बाळरावांनी मान हलवली. त्यांनी माळाकडे पाहिलं. दीड फेरीचा पट्टा सोडला तर सगळं गवत पिवळं होऊन आडवं पडलं होतं, आता ते म्हशींच्याही उपयोगाचं राहिलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी मऊ स्प्रिंग टाकली असती. अर्ध्या तासाचं काम. अख्खा माळ कापला असता गं मी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर कुंदाला सोसला असता. "चांगले पाय होते तेव्हा. सगळे दिवस हिच्या खाली पडून घालवले. नसलेला दोष शोधत."

ते हळूहळू खाटेकडे चालायला लागले. बुधाजी धरायला गेला तर त्यांनी हात सोडवून घेतला. दोन पावलांवर थांबून ते वळले.

"उठ आता. उठलीस की बंद होईल आपोआप."

कुंदाला ते ऐकू आलं होतं. बुधाजीनेही एकदा हाक मारली. ते इंजिन बंद पडलेलं तिला ऐकायचं नव्हतं, ती उठली नाही.