कुंकवाचं बोट
फिनेलचा वास आला की बीडचा तो नवा दवाखाना आठवतो. ताईचं सिझर झालं होतं. तिच्या खाटेवरच्या आधीच्या बाईचे टाके पिकले होते आणि भोवतीचा हिरवा पडदा तोच होता. "रोज धुतो, मावशी," नर्स म्हणाली. आईनं गुपचूप पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, "आत्ताच धुऊन लावला." कुंकू जागेवरच होतं. आईनं पडदा उतरवून पिशवीतलं धुतलेलं लुगडं बांधलं. डॉक्टर चिडले. "आदी हे कालचं कुंकू बघा, मंग बोला," आई म्हणाली. त्यांनी पाहिलं आणि लुगडं राहू दिलं. ताईचे टाके चांगले भरून आले. परवा सुनेच्या खाटेजवळ नर्सनं सांगितलं, "हा पडदा वापरून फेकून देतात." मी लगेच विचारलं, "कधी?"